मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधन ‘लिहायला’ शिकवताना नेमकं कुठे चुकलं?

‘एका संशोधनानुसार...’ अशी सुरुवात असलेली एखादी पोस्ट तुम्ही आजही वाचली असेल. झोप, मोबाईल, नाती, हसणं, या सगळ्याचा मनावर काय परिणाम होतो ते त्यात ठामपणे सांगितलेलं असतं. ही पोस्ट आपल्यापर्यंत येण्याआधी कोणीतरी प्रयोग करतं आणि मग तो लिहून काढतं. प्रयोग कसा करायचा हे विद्यापीठात शिकवतात. तसंच तो कसा लिहायचा, दहा मिनिटांत कसा मांडायचा, पोस्टरवर कसा दाखवायचा हेही शिकवतात.

वरवर पाहता हा भाषेचा आणि फॉरमॅटचा तास वाटतो. पण गेल्या १५ वर्षांत मानसशास्त्रात जी मोठी उलथापालथ झाली, तिचा एक धागा थेट या तासापर्यंत जातो. तो कसा, ते पाहूया.

संशोधन अहवाल असतो कसा?

१९२९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात शोधनिबंध कसे लिहावेत याच्या सात पानी सूचना छापून आल्या. तिथून पुढे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजेच एपीएची लेखनशैली घडली. २०१९ मध्ये आलेली तिची सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पानांची आहे. भारतातही मानसशास्त्राचे अनेक विद्यार्थी आपला प्रोजेक्ट याच पद्धतीने लिहितात.

साचा सोपा आहे. आधी गोषवारा, मग प्रस्तावना, पद्धत, निकाल आणि शेवटी चर्चा. अहवालाचा आकार डमरूसारखा असतो. सुरुवातीला मोठा प्रश्न, मध्ये आपला छोटासा नेमका प्रयोग आणि शेवटी पुन्हा मोठा अर्थ.

यात एक जागा फार महत्त्वाची आहे. प्रस्तावनेच्या शेवटी विद्यार्थी आपलं गृहीतक लिहितो, म्हणजे ‘आम्हाला असं आढळेल असं वाटतं’ हे सांगतो. गडबड झाली ती नेमकी इथेच.

एका प्राध्यापकांचा प्रसिद्ध सल्ला

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम यांनी १९८७ मध्ये शोधनिबंध कसा लिहावा यावर एक प्रकरण लिहिलं. ते पुढे असंख्य विद्यार्थ्यांना वाचायला दिलं गेलं. सोपं लिहा, वाचकाला गोंधळात टाकू नका, हा त्यातला भाग आजही उपयोगी आहे.

पण त्यात आणखी एक सल्ला होता. प्रयोग सुरू करताना जो लेख डोक्यात होता तो लिहू नका, निकाल हाती आल्यावर जो लेख सर्वात जास्त जुळून येतो तो लिहा, असा त्याचा आशय होता.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. मग अडचण काय?

निवडणुकीचा निकाल लागल्यावर ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणणारा एक तरी जण प्रत्येक कट्ट्यावर असतो. त्याचा अंदाज कधीच चुकत नाही, कारण तो अंदाज निकालानंतर तयार होतो. संशोधनातही हेच होऊ लागलं. निकाल पाहायचे, त्यांना शोभेल असं गृहीतक तयार करायचं आणि ते आधीपासूनच मनात होतं अशा थाटात प्रस्तावनेत लिहायचं. १९९८ मध्ये नॉर्बर्ट केर या मानसशास्त्रज्ञांनी या सवयीला ‘हार्किंग’ असं नाव दिलं.

यात तोटा गणिताचा आहे. प्रत्यक्षात काहीच फरक नसताना निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची ५ टक्के शक्यता मानसशास्त्रात साधारणपणे चालवून घेतली जाते. म्हणजे अशा २० गोष्टी तपासल्या, तर सरासरी एक गोष्ट नशिबानेच ‘सापडते’. उरलेल्या १९ लिहिल्याच नाहीत, तर वाचकाला ती एक गोष्ट मोठा शोध वाटते.

आणि मग २०११ उजाडलं

त्या वर्षी बेम यांचाच एक पेपर मानसशास्त्रातल्या नामांकित नियतकालिकात आला. त्यात ९ प्रयोग आणि हजाराहून अधिक सहभागी होते. दावा असा, की माणसाला भविष्याची चाहूल लागते! एका प्रयोगात पडद्यावरच्या दोन पडद्यांपैकी कोणत्या पडद्यामागे चित्र येणार हे ओळखायचं होतं. योगायोगाने ५० टक्के उत्तरं बरोबर यायला हवीत. कामुक चित्रांच्या बाबतीत ती ५३.१ टक्के आली.

इतरांनी यातले काही प्रयोग पुन्हा केले, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. पण अनेकांची झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. पेपर त्या काळच्या रीतीप्रमाणे व्यवस्थित लिहिलेला होता. रीत पाळूनही असा निष्कर्ष निघत असेल, तर रीतच तपासायला हवी होती.

त्याच वर्षी जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सिमनसन यांनी हे मुद्दाम करून दाखवलं. सोयीचे आकडे निवडून त्यांनी ‘सिद्ध’ केलं, की बीटल्सचं एक गाणं ऐकल्यावर विद्यार्थ्यांचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं. अशा चार सवलती एकत्र घेतल्या, तर चुकीचा शोध लागण्याची शक्यता ५ वरून सुमारे ६१ टक्क्यांवर जाते, हेही त्यांनी दाखवलं.

२०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये ठळक परिणाम होता. दुसऱ्या वेळी तो फक्त ३६ टक्क्यांमध्ये दिसला.

मग आता काय शिकवतात?

अनेक विद्यापीठांत आता अहवालाचा पहिला भाग प्रयोगाच्या आधी लिहून घेतात. गृहीतक काय, किती सहभागी, कोणते आकडे मोजणार, हे सगळं तारखेसह नोंदवायचं. नंतर त्यात गुपचूप बदल करता येत नाही.

समजा, काही विद्यार्थ्यांना तपासायचं आहे की टेबलावर फोन असला तर शब्द कमी लक्षात राहतात का. ६० जणांवर प्रयोग झाला आणि काहीच फरक दिसला नाही. पण आकडे उलटसुलट पाहताना हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांत थोडा फरक दिसला.

जुन्या सल्ल्याप्रमाणे प्रोजेक्टचं नावच ‘हॉस्टेलचे विद्यार्थी आणि फोन’ झालं असतं. नव्या पद्धतीत ते लिहितील, “आमचं गृहीतक टिकलं नाही. हॉस्टेलच्या मुलांत फरक दिसला, पण ते आम्ही आधी ठरवलं नव्हतं. ते नव्याने तपासावं लागेल.” यात गोष्ट फारशी रंगत नाही, पण वाचणाऱ्याची फसवणूकही होत नाही.

काही नियतकालिकंही बदलली. २०१३ मध्ये ‘कॉर्टेक्स’ने अशी सोय केली, की प्रयोगाची योजना पाहूनच लेख स्वीकारायचा, निकाल काहीही येवो. त्याचा परिणाम २०२१ च्या एका तुलनेत दिसला. नेहमीच्या पेपरांत ९६ टक्के वेळा पहिलं गृहीतक खरं ठरलं होतं. योजना आधी मंजूर झालेल्या पेपरांत हे प्रमाण ४४ टक्के होतं.

पोस्टरवरचं मोठं वाक्य

लिहिण्याइतकंच मांडणंही महत्त्वाचं. परिषदेतली पोस्टर्स पूर्वी बारीक अक्षरांनी गच्च भरलेली असत. २०१९ मध्ये माईक मॉरिसन या मानसशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्याने सुचवलं, की मुख्य निष्कर्ष मधोमध, मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत लिहा. ही कल्पना भराभर पसरली.

फायदा उघड आहे. पण वाक्य जितकं मोठं, तितके ‘कदाचित’, ‘आमच्या गटात’ असे छोटे शब्द आधी गळतात. ‘या ६० विद्यार्थ्यांत आम्हाला असं दिसलं’ आणि ‘फोनमुळे स्मरणशक्ती घटते’ यांत खूप अंतर आहे. ते अंतर राखून बोलायला शिकवणं, हेच सादरीकरणाच्या तासाचं खरं काम.

याचा आपल्याशी काय संबंध?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्पाचा पर्याय आला आहे. त्यामुळे असा अहवाल लिहिणारं कोणीतरी कदाचित तुमच्या घरातच असेल. त्यांचं गृहीतक चुकलं तर प्रोजेक्ट वाया गेला असं समजू नका. ‘काही सापडलं नाही’ हेही उत्तरच आहे.

आणि पुढची ‘एका संशोधनानुसार’ पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी विचारा. किती लोकांवर प्रयोग झाला? हे तपासायचं आधीच ठरलं होतं का? दुसऱ्या कोणी पुन्हा करून पाहिलं का? उत्तरं मिळाली नाहीत, तर ती पोस्ट पाठवण्याची घाई करण्याचं काही कारण नाही.