विणून झाल्यावरचं विणकाम

सुयांवरून नुकतीच उतरवलेली जाळीदार शाल पाहून बहुतेकांचा विरस होतो. कडा आत वळलेल्या असतात आणि पानाफुलांचा नमुना सुरकुत्यांत बुडालेला असतो. ती कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता पंच्यात गुंडाळून पाणी टिपायचं, मग गादीवर ताणून टाचण्यांनी बसवायची आणि पूर्ण वाळू द्यायची, याला ब्लॉकिंग म्हणतात. पुष्कळ जणी या कामाला इस्त्रीच्या पंक्तीत बसवतात. वेळ असला तर करायचं, नाही तर राहिलं. पण जाळीच्या विणीत भोक पडतं ते लोकर पुढे घेतल्यामुळे, आणि शेजारी दोन टाके एकत्र विणल्यामुळे टाक्यांची संख्या कायम राहते. वाकवलेला धागा सरळ व्हायला धडपडतो, शेजारच्या टाक्यांना ओढतो आणि भोक मिटतं. ताण दिला की धागा टाक्याटाक्यांतून सरकतो आणि प्रत्येक टाका आपली जागा घेतो. म्हणून ब्लॉकिंगला मी विणकामाचाच भाग मानते.

ताणलेला आकार टिकतो तो लोकरीच्या घडणीमुळे. लोकर म्हणजे केराटिन हे प्रथिन. त्याच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजनचे दुबळे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. ओली लोकर ताणली की तिच्या रेणूंची रचनाच बदलते, हे लीड्स इथे संशोधक विल्यम ॲस्टबरी यांनी 1930च्या दशकात क्ष-किरणांनी दाखवलं. शाल अर्धवट ओली असताना टाचण्या काढल्या तर ती पुन्हा आक्रसते, कारण हे बंध अजून पुरते जुळलेले नसतात. हात बसलेला असेल तर ताणण्याची गरजच काय, असं काही जणी विचारतात. शेटलंडच्या अन्स्ट बेटावरच्या अंगठीतून पार होणाऱ्या शाली विणणाऱ्या बायकांइतका बसलेला हात क्वचितच सापडेल, आणि त्याही धुतलेली शाल लाकडी चौकटीवर ताणूनच वाळवत. शिवाय ताणल्याने चुका झाकल्या जातात हे अर्धंच खरं आहे. टाक्यांतला थोडाफार कमीजास्तपणा सारखा होतो, पण सुटलेला टाका ताणल्यावर उलट जास्तच उघडा पडतो.

याहून वजनदार आक्षेप असा की धुतल्यावर हा आकार जातोच, मग एवढा खटाटोप कशाला? इथे नवा रायपूरमध्ये तर धुण्याचीही वाट पाहावी लागत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतची दमट हवेतला ओलावा लोकर शोषून घेते, बंध सैल होतात आणि टोकं हळूहळू आत येतात. पण जे पाण्याने सुटतं ते पाण्यानेच पुन्हा बसवता येतं. पावसाळा सरल्यावर एकदा ताणली की शाल थंडीसाठी तयार. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ती फार लवकर वाळते, मात्र सावलीतच, कारण उन्हाने लोकर आणि रेशीम दोन्ही पिवळी पडतात. चांपा-रायगढकडच्या कोसा रेशमाच्या धाग्याची जाळी विणली तर जास्त जपावं लागतं. रेशीम ओलं असताना कमजोर होतं आणि त्यात लोकरीसारखी कुरळी उसळी नसते. टांगून ठेवलं तर आपल्याच वजनाने लांबत जातं. घडी घालून ठेवणं बरं.

बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो, आणि तिथे नुसत्या पाण्याचा उपयोग होत नाही. तुकडा जाळून पाहावा: खऱ्या लोकरीला जळक्या केसांसारखा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ॲक्रिलिकचा आकार वाफेने बदलतो, पण तो बदल कायमचा असतो. वाफ जास्त झाली तर कापड लुळं पडतं आणि पुन्हा उभारी धरत नाही. इस्त्री कधीच टेकवू नये. सुती क्रोशाचे रुमाल पेजेच्या खळीत बुडवून ताणतात, तिथे आकार धरून ठेवतो तो मुख्यतः भाताचा स्टार्च. त्यावर कसर येते, म्हणून पावसाळ्यात ते कपाटात ठेवण्याआधी खळ धुऊन काढावी.