सूर्यावरील ज्वाला आणि पृथ्वीवरील वादळ

पुण्याच्या पूर्वेस सोलापूरच्या वाटेवर लोणी काळभोर हें गांव आहे. मुंबईहून निघालेली इंधनवाहिनी येथील टाक्यांपर्यंत येते. जमिनींत पुरलेल्या या नळाचा आणि नऊ कोटि तीस लक्ष मैलांवरील सूर्याचा संबंध तो काय, असें कोणासही वाटेल!

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचें चित्र काढीत असतां त्यांवर प्रखर पांढरा प्रकाश चमकला आणि कांहीं मिनिटांत मावळला. सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें. अमेरिकेंत बॅटरी सोडविल्यावरही तारायंत्रें चालत राहिलीं. युरोपांतील कित्येक स्वयंलेखक यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या. परंतु मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत निरीक्षक डोळ्यांनीं वेध घेत होते, म्हणून तेथील नोंद शाबूत राहिली. क्षितिजसमांतर चुंबकबल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरलें होतें. या जुन्या आंकड्यांवरूनच २००३ सालीं भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या व परदेशी शास्त्रज्ञांनीं मिळून त्या वादळाचें बळ अजमाविलें. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हें काम अलिबागेस हलविलें गेलें. तेथें १९०४ पासून वेध चालू आहेत.

ज्वाला आणि वादळ हीं मात्र एक नव्हेत. ज्वालेचे क्षकिरण सव्वाआठ मिनिटांत येतात आणि आयनांबराचा खालचा थर दाट करितात. मग दिवस असलेल्या बाजूस लघुलहरी त्यांतच शोषल्या जाऊन रेडिओ मुका होतो. बिचाऱ्या यंत्राचा त्यांत दोष नसतो. ज्वालेबरोबर पुष्कळदां विद्युत्भारित वायूचा प्रचंड मेघही सुटतो. तो एक ते तीन दिवसांनीं पोंचतो व पृथ्वीचें चुंबकक्षेत्र हालवितो. बदलत्या चुंबकत्वानें लांब तारांत आणि नळांत वीज खेळूं लागते. डायनामोचें तत्त्व तेंच. १३ मार्च १९८९ रोजीं कॅनडांतील क्वेबेक प्रांत याच कारणानें सुमारें नऊ तास अंधारांत होता. नळाला गंज चढूं नये म्हणून सोडलेला सौम्य प्रवाहही असा विस्कळित होतो. महाराष्ट्र ध्रुवांपासून दूर, म्हणून हा उपद्रव येथें पुष्कळच कमी. पण उपग्रहांना ही सवलत नाहीं.

२ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालेलें ‘आदित्य-एल१’ यान १५ लक्ष किलोमीटरांवरून सूर्याकडे पाहतें; त्यांतील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’नें सिद्ध केली. सेकंदास ५०० किलोमीटर वेगाचा मेघ यानाजवळून पृथ्वीवर येण्यास पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ घेतो. १८५९ सारखा वेगवान आला, तर त्याच्या चौथाईइतकाच अवधि मिळेल.