आधी प्रत, मग परीक्षा

माणूस आजारी पडला म्हणजे आपण आधी निदान करतो आणि मग उपाय. परंतु जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बिघडत चालली आहे असा संशय आला, तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी तिच्यावरील मजकुराची प्रत काढायची आणि मगच तिची परीक्षा करायची. हे का, याचा थोडा विचार आपण करू.

आज दुकानदाराची उधारी, दूध संकलनाचे हिशेब, घरच्या लग्नाची छायाचित्रे हे सारे जुन्या लॅपटॉपमध्ये साठलेले असते. यंत्र बिघडले तर दुसरे विकत मिळते. हा ऐवज बाजारात मिळत नाही.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत तबकडी असते. लॅपटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारे डोके तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून हे अंतर किती सूक्ष्म ते ध्यानात येईल. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली अशी डिस्क बाजारात आणली, तेव्हा २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणारी एक टेराबाइटची डिस्क त्याच्या दोन लाख पट साठवते. साठा वाढला तशी नाजूकताही वाढली. चालू लॅपटॉप आपटला तर ते डोके तबकडीवर घासते, आणि जेथे घासले तेथील अक्षर पुसले गेले असे समजावे.

आता लक्षणे पाहू. यंत्र सुरू व्हायला फार वेळ लागतो, एखादी फाइल उघडताना सारे गोठून जाते, काल उघडणारे छायाचित्र आज अर्धेच दिसते. मात्र संथपणा म्हणजे डिस्कच बिघडली असे नव्हे. मेमरी अपुरी असेल, डिस्क काठोकाठ भरली असेल, किंवा पंख्यात धूळ साचून वैशाखाच्या उन्हात यंत्र तापत असेल, तरी ते रखडते. पण आतून ठरावीक अंतराने टकटक असा आवाज येऊ लागला, तर मात्र यंत्र तत्काळ बंद करावे आणि डिस्क जाणत्या कारागिराकडे न्यावी. घरी तिचे झाकण उघडू नये. धुळीचा एक कणही त्या सूक्ष्म फटीत पहाडासारखा ठरतो.

आवाज नसेल, तर महत्त्वाच्या फाइली प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीची आज्ञा त्याआधी देऊ नये, कारण ती सबंध डिस्क धुंडाळते आणि तिच्यावर लिहितेही. थकलेल्या बैलाला नांगराला जुंपून त्याची ताकद अजमावण्यासारखेच ते आहे.

प्रत हाती आली की खुशाल परीक्षा करा. पेन ड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करून पाहावे. ते सुरळीत चालले, तर संशय डिस्कवर किंवा तिच्यावरील प्रणालीवर येतो. शिवाय डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ती वाचता येते. तीत तीन आकडे पाहावेत: बाद ठरवून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर, वाचता न आल्याने निकालासाठी थांबलेले सेक्टर, आणि चुकलेल्या देवाणघेवाणीची संख्या. पहिले दोन आठवड्यागणिक वाढत असतील तर डिस्क बदलावी. केवळ तिसरा वाढत असेल तर दोष बहुधा जोडणीत असतो आणि थोडक्या खर्चात काम भागते.

पण या नोंदीवर विसंबून राहता येत नाही. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कांनी सर्वांत महत्त्वाच्या चार नोंदींत एकही दोष दाखवला नव्हता. उलट, तपासणीत पहिला दोष दिसलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्केच्या ३९ पट आढळली. म्हणजे वाईट अहवाल आला तर विश्वास ठेवावा. चांगला आला तर निर्धास्त होऊ नये. फिरती तबकडी नसलेल्या नव्या एसएसडी तर आवाजही करीत नाहीत आणि कित्येकदा एकाएकी मान टाकतात.

प्रतीचे महत्त्व आमच्या जिल्ह्याला नवे नाही. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो नकलून घेणाऱ्यांच्या हातांमुळे. पुढे १५८४ साली पैठणच्या एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रती अनेक असाव्यात आणि त्या ताडून पाहाव्यात, हे दोन्ही धडे यात आले. म्हणून आपणही दोन प्रती ठेवाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी, आणि अधूनमधून चार फाइली उघडून त्या शाबूत आहेत ना, हे पाहावे.

तहान लागल्यावर विहीर खणायला निघणाऱ्याची फजिती दुष्काळ पाहिलेल्या आमच्या मुलखाला कोणी समजावून सांगायला नको. डिस्क चालू आहे, तोवरच विहिरीला पाणी आहे. ते आजच भरून ठेवावे.