जुळणीच्या आरेखाचा धनी कोण?

दिल्लीनजीकच्या गुडगाव, म्हणजे आजच्या गुरुग्राम, येथील मारुती उद्योगाच्या कारखान्यात तयार झालेली पहिली मोटार १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या स्वाधीन करण्यात आली. मोटारीची कल्पना व आखणी, म्हणजेच तिचा अभिकल्प, जपानमधील सुझुकी कंपनीचा होता. तिची जुळणी मात्र गुडगावच्या कामगारांच्या हातून होत होती. ज्यांनी मोटार कल्पिली आणि ज्यांनी ती जुळविली, त्यांच्यामध्ये हजारो किलोमीटरांचे अंतर होते. अशा वेळी दोघांना बांधणारा मुख्य दुवा म्हणजे आरेख होय. अभिकल्प विभाग व उत्पादन विभाग यांच्यामध्ये केवळ एक भिंत असलेल्या कारखान्यातही हा दुवा तितकाच महत्त्वाचा असतो, आणि तो कोणी सांभाळावयाचा हा प्रश्नही तेथे तितकाच बिकट असतो.

सुट्या भागाचा आरेख एकाच भागाचा आकार, मापे व धातू सांगतो. जुळणीचा आरेख, ज्यास कारखान्यात असेंब्ली ड्रॉइंग म्हणतात, हे सर्व भाग एकमेकांशी कोणत्या नात्याने बसतात ते दाखवितो. त्यावर प्रत्येक भागास क्रमांक दिलेला असतो व कोपऱ्यात भागांची यादी असते. अडचण अशी की, या एकाच कागदावर दोन भिन्न प्रकारची माहिती येऊ पाहते : यंत्र तयार झाल्यावर कसे असावे, ही पहिली, आणि ते तसे कोणत्या रीतीने तयार करावे, ही दुसरी.

एक साधे उदाहरण घेऊ. ४० मिलिमीटर व्यासाच्या दंडावर बेअरिंग बसवावयाचे आहे. दंडाचा व्यास ४०.००२ ते ४०.०१८ मिलिमीटर यांच्या दरम्यान असावा, असे अभिकल्पक ठरवितो. दंड याहून बारीक झाला तर बेअरिंग त्यावर सैल बसून घसरेल. जाड झाला तर बेअरिंगचे आतील कडे ताणले जाऊन ते लवकर निकामी होईल. हा निर्णय यंत्राच्या कार्याशी निगडित असल्यामुळे तो अभिकल्प विभागाचाच. पण ते बेअरिंग तापवून बसवावे की दाबयंत्राने, कोणता जिग वापरावा, हे काम कोणत्या टप्प्यावर करावे, हे उत्पादन विभागाने ठरवावयाचे. कारण यंत्रसामग्री व कामगार यांची खरी ओळख त्यालाच असते.

यावरून जबाबदारीच्या वाटणीचे सूत्र निघते : ‘काय’ हे अभिकल्पाचे, ‘कसे’ हे उत्पादनाचे. म्हणून जुळणीचा मूळ आरेख अभिकल्प विभागाच्या ताब्यात असावा, आणि कामाचा क्रम, हत्यारे व टप्प्याटप्प्याची चित्रे उत्पादन विभागाने आपल्या वेगळ्या कृतिपत्रिकांत द्यावीत. दोन्ही एकाच कागदावर कोंबले, तर एखादा जिग बदलताच मूळ आरेख दुरुस्त करावा लागतो. उलट मूळ आरेखच उत्पादनाच्या स्वाधीन केला, तर एखादे माप का ठेवले होते हे कालांतराने विसरले जाते.

अर्थात ही सीमारेषा नेहमीच इतकी स्वच्छ नसते. इंजिनाच्या शीर्षाचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने व टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात. तसे न केल्यास शीर्ष वाकते व गॅस्केटमधून वायू निसटतो. येथे आवळण्याचा क्रम हा ‘कसे’ या सदरात मोडणारा दिसला, तरी यंत्राचे कार्य त्यावर अवलंबून असल्यामुळे तो अभिकल्पकानेच सांगितला पाहिजे.

ही सीमारेषा पुसट राहिली तर काय होते, याचे भीषण उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात घडले. तेथील हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात दुसऱ्या व चौथ्या मजल्यांचे पूल एकाखाली एक टांगलेले होते. मूळ योजनेत छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड सळया होत्या. चौथ्या मजल्याचा नट चढविण्यासाठी त्या सळयांवर फार लांबवर आटे पाडावे लागले असते. म्हणून पोलादकाम करणाऱ्यांनी प्रत्येक सळईच्या जागी दोन सळया सुचविल्या : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. एकाच दोरास दोन माणसे स्वतंत्रपणे लोंबकळत असावीत, आणि मग खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरावेत, तसा हा बदल होता. वरच्या पुलाच्या जोडावरील भार दुप्पट झाला. मूळ जोडही नियमांच्या मानाने दुर्बळच होता. अभियंत्यांच्या मान्यतेचा शिक्का आरेखावर पडला, पण जोडाचे गणित कोणीच नव्याने केले नाही. १७ जुलै १९८१ रोजी पूल कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. जोडाचा अभिकल्प पोलादकाम करणाऱ्यांनी करावयाचा होता, असा अभियंत्यांचा बचाव होता. तो मान्य झाला नाही व त्यांचे परवाने रद्द करण्यात आले.

येथे कारागिरांची अडचण खरी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. उत्पादनाने बदल सुचवू नये, असा या घटनेचा बोध नव्हे. तो सुचविण्याचा उत्पादनास पूर्ण अधिकार आहे. मात्र प्रत्येक बदल लेखी यावा, तो एकाच दारातून जावा, आणि मान्यता देणाऱ्याने त्याचे परिणाम नव्याने तपासावेत. नवा आरेख कारखान्यात देताना जुन्या प्रती परत घ्याव्यात. आरेखावरील सही हा शिष्टाचार नसून उत्तरदायित्वाचा स्वीकार आहे.

आरेखाची भाषा सर्वत्र एक असावी, यासाठी दिल्लीच्या मानक भवनातून भारतीय मानके प्रसिद्ध होतात. रेषांचे प्रकार, मापे, सूट व चिन्हे कशी लिहावीत हे त्यांत सापडते. परंतु एखाद्या कारखान्यात कोणत्या निर्णयावर कोणी सही करावी, हे त्या कारखान्यालाच ठरवावे लागते. आज कागदाची जागा संगणकावरील प्रतिकृतीने घेतली आहे व ती दोन्ही विभागांना एकाच वेळी दिसते. पण एखादी गोष्ट दोघांना दिसते, एवढ्यावरून तिची जबाबदारी कोणी घेतली आहे असे ठरत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, अशी म्हण आहे. आरेखावरील प्रत्येक निर्णयाचे घर एकच असावे, आणि ते कोणते हे शेजाऱ्यालाही ठाऊक असावे.