घरची गोधडी

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात हिंजवडी नावाचे गाव आहे. आज या गावाचे नाव उच्चारले की काचेच्या उंच इमारती, त्यांत संगणकांवर अहोरात्र चालणारी कामे आणि सकाळ-संध्याकाळ रस्त्यांवर खोळंबलेली वाहने डोळ्यांपुढे उभी राहतात. हा सारा पसारा विसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा आहे. तत्पूर्वी हिंजवडी हे शेतीवर जगणारे गाव होते. म्हातोबा हे त्याचे ग्रामदैवत. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघते, आणि लेकी-सुना, जावई, पाहुणेरावळे गावात येतात. घरात माणसे वाढली की अंथरुणे-पांघरुणेही वाढवावी लागतात. पूर्वी अशा वेळी कोणी बाजारात धावत नसे. वलणीवर घडी घालून ठेवलेल्या गोधड्या खाली काढल्या जात, आणि दहा-बारा माणसांची निजण्याची सोय होई.

ही गोधडी विकत आणलेली नसे. तिच्यात वापरलेले कापड घरचे, तिला घातलेले टाके घरचे, आणि तिच्यासाठी वेचलेला वेळही घरचाच असे. शिवणकाम, विणकाम, भरतकाम यांना आज आपण छंद म्हणतो. गोधडी शिवणाऱ्या बायकांनी मात्र तिला कधी छंद म्हटले नाही. थंडी पडणार होती, लेकरांना पांघरूण हवे होते, म्हणून त्या शिवावयास बसत. तरीही कोणता तुकडा कोठे शोभेल, तांबड्या काठाशेजारी हिरवे ठिगळ लावावे की पिवळे, याचा विचार त्या ज्या आवडीने करीत, ती आवड छंदाहून निराळी म्हणता येणार नाही.

गोधडीला निरनिराळ्या भागांत निरनिराळी नावे आहेत. सातारा-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी शिवलेली लहान, मऊ गोधडी म्हणजे दुपटे. ठिगळे जोडून केलेल्या वस्त्राला संस्कृतात ‘कन्था’ असा शब्द आहे; बंगालमधील प्रसिद्ध ‘कांथा’ हे नाव त्याच्याशीच नाते सांगते. विरक्त माणसाचे वस्त्र म्हणूनही अशा ठिगळांच्या पांघरुणाला आपल्याकडे मान होता. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे वस्त्र वागवीत, म्हणून त्यांना कोठे चिंधेबुवा, तर कोठे गोधडेबुवा म्हणत असत. ज्या चिंध्यांना इतर लोक टाकाऊ समजत, त्याच त्यांची ओळख बनल्या.

गोधडीचा जन्म लुगड्यापासून होतो. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे सुती कापड. नवे असताना ते खळीमुळे कडक असते. वर्षानुवर्षे धुतले, वाळविले आणि नेसले की त्यातील खळ निघून जाते, धागे सैल होतात आणि कापड लोण्यासारखे मऊ पडते. नेसण्याच्या दृष्टीने ते जुने होते, त्याच वेळी ते गोधडीच्या कामाला अगदी योग्य झालेले असते. गोधडीसाठी नवे कापड घेणे हे म्हणूनच जुन्या बायकांना उधळपट्टीचे तर वाटेच, पण अडाणीपणाचेही वाटे.

मात्र जुन्या लुगड्याला आणखी एक वाट मोकळी असे. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण दारोदार येई आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात पातेली, वाट्या, डबे देई. एखादे बरे लुगडे बोहारणीला देऊन डबा घ्यावा, की ते गोधडीसाठी राखून ठेवावे, हा घरोघर खराखुरा प्रश्न असे. जरीचा काठ असलेली लुगडी बहुधा बोहारणीकडे जात. आजीचे, आईचे, लेकीच्या डोहाळजेवणातले लुगडे मात्र सहसा दाराबाहेर जात नसे. ते धुऊन, घडी करून गाठोड्यात पडे, आणि उन्हाळ्याची वाट पाही.

उन्हाळ्याचीच का, तर त्याला कारण आहे. सुगी उरकल्यावर शेतावर फारसे काम उरत नाही, आणि पुढची घाई मृग निघाल्यावर. मधल्या महिन्यांत दुपार मोठी असते, अंगण कोरडे असते, आणि कापड धुऊन टाकले तर घटकाभरात वाळते. पावसाळ्यात शिवलेली गोधडी आत ओलसर राहण्याची भीती असते.

प्रथम अंगण किंवा पडवी झाडून सारवून घेतात. ती वाळली की एक अखंड लुगडे इष्ट त्या मापाचे करून जमिनीवर ताणून पसरतात. ते वाऱ्याने उडू नये व त्याला सुरकुती पडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजने ठेवतात. पाटा-वरवंट्यापासून पाण्याच्या तांब्यापर्यंत जे हाताशी असेल ते चालते. या थराला तळ म्हणावे. त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे जीर्ण तुकडे एकाला एक भिडवून मांडतात. येथे कौशल्य लागते. तुकडे एकमेकांवर फार चढले तर तेथे गाठीसारखा उंचवटा येतो आणि तो निजणाऱ्याच्या पाठीला बोचतो. मध्ये फट राहिली तर तेथून थंडी शिरते. असे दोन-तीन, कधी त्याहून अधिक थर झाले की सर्वांवर दुसरे चांगले लुगडे पसरतात, कडा आत दुमडतात आणि मोठ्या, सैल टाक्यांनी सारे थर तात्पुरते अडकवून टाकतात. मग खरी शिवण सुरू होते.

ही शिवण म्हणजे धावदोरा. सुई कापडातून खाली जाते, थोड्या अंतरावर वर येते, पुन्हा खाली जाते. याहून सोपा टाका नाही. शाळेत शिवण शिकणारे मूल पहिल्या दिवशी हाच टाका घालते. पण पाच-सहा थरांतून सुई सरळ खाली घालणे आणि ती नेमकी ओळीत वर काढणे हे पहिल्या दिवसाचे काम नव्हे. बोटाला सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात अंगुस्तान घालतात. पुष्कळ ठिकाणी शिवण कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्याकडे नेतात. त्यामुळे चौघी जणी चार बाजूंना बसू शकतात, आणि काम पुढे सरकते तशा त्या एकमेकींच्या जवळ येत जातात. अशा वेळी तोंडे बंद राहत नसत, हे सांगावयास नकोच. गावातील बातम्या, सासरच्या तक्रारी, ओव्या, उखाणे हे सारे त्या ओळींबरोबर पुढे सरके.

एका गोधडीत किती टाके असतात, याचा हिशेब पाटीवर करून पाहण्यासारखा आहे. गोधडी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद, म्हणजे सुमारे २१३ सेंटिमीटर लांब व १५२ सेंटिमीटर रुंद धरू. दोन ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवले तर रुंदीत ७६ ओळी बसतात. प्रत्येक ओळ २१३ सेंटिमीटर, म्हणून सर्व ओळी मिळून सुमारे १६२ मीटर शिवण झाली. एका सेंटिमीटरला एक टाका मानला तरी ही संख्या सोळा हजारांवर जाते. मिनिटाला वीस टाके घालणाऱ्या एकट्या बाईला त्यासाठी तेरा तासांहून अधिक वेळ लागेल. रोज दुपारी दोन तास बसली तर सारा आठवडा. ओळी अधिक जवळ घेतल्या तर हाच आकडा दुप्पट होतो. हा हिशेब केवळ शिवणीचा झाला; कापड धुणे, उसवणे, जुळवणे त्यात धरलेलेच नाही.

इतक्या ओळी घालण्याचे कारण केवळ शोभा हे नाही. आतले तुकडे सुटे असतात. त्यांना जागोजाग टाक्यांनी पकडून ठेवले नाही, तर पहिल्याच धुण्यात ते सरकून एका कोपऱ्यात गोळा होतील. जवळजवळ घातलेल्या ओळींमुळे ताणही सर्वत्र वाटला जातो; एखादा धागा तुटला तरी शेजारची ओळ भार घेते. फाटक्या कापडांपासून केलेली वस्तू अखंड कापडाहून अधिक टिकते, याचे गमक या साध्या धावदोऱ्यात आहे.

आणि ऊब? कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ती आपल्या शरीराची असते. पांघरूण तिला बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. गोधडीच्या थराथरांमध्ये, धाग्याधाग्यांमध्ये थोडी थोडी हवा कोंडलेली असते, आणि तीच थंडीला अडविते. म्हणून एका जाड कापडापेक्षा तेवढ्याच वजनाचे अनेक पातळ थर अधिक उबदार ठरतात. सुती असल्यामुळे गोधडी घामही शोषून घेते. तिचा एक दोष मात्र मान्य केला पाहिजे. भिजली की ती अतिशय जड होते. ओढ्यावर गोधडी धुताना दोन टोकांना दोघी उभ्या राहून तिला पीळ घालीत, तेव्हा कोठे तिच्यातील पाणी निघे.

गोधडीखेरीज घरात हाताने होणारी इतर कामेही होती. बाळ जन्माला येण्यापूर्वी व आल्यावर आजोळहून बाळंतविडा येई. त्यात झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी असत, आणि ती बहुधा आजी-मावशीच्या हातची असत. पुढे शहरांतून लोकरीचे विणकाम व क्रोशाकामही घराघरांत रुळले. विणकामाचा प्रकार शिवणीहून अगदी निराळा आहे. त्यात एकाच लांब धाग्याचे फास एकातून एक ओवीत नेतात. सुलट आणि उलट अशा दोनच टाक्यांच्या फिरवाफिरवीतून सारी नक्षी उमटते. फासांचे असल्यामुळे ते वस्त्र ताणले जाते आणि अंगाबरोबर बसते. पण एक फास सुटला की त्याखालचे फास ओळीने उसवत जातात. धारवाडकडील कसुतीच्या कशिद्यात तर गाठ न मारता, कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखीच नक्षी दिसेल अशा रीतीने गोपुरे, हत्ती आणि तुळशीवृंदावने भरतात. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली सेवासदन सुरू झाले. तेथे स्त्रियांना इतर विद्यांबरोबर शिवणकामही शिकविले जाई. घरातील हातचे काम पोटापाण्याचे साधन होऊ शकते, हे अनेकींना तेथे प्रथम उमगले.

जुन्या वस्त्रांतून नवे पांघरूण करण्याची कल्पना अनेक देशांत स्वतंत्रपणे सुचलेली दिसते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यातील कित्येक जण कोकणी व मराठी बोलतात. त्यांच्या बायकाही कडेपासून मध्याकडे शिवत जातात, आणि गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाची दुमडलेली त्रिकोणी ‘फुले’ लावतात. फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी वाटते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. एके काळच्या गुलामांच्या वंशातील तेथील स्त्रिया शेतावर झिजलेल्या कपड्यांपासून गोधड्या शिवीत. त्या गोधड्यांचे २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन झाले, आणि २००६ साली तेथील सरकारने त्यांची चित्रे टपालाच्या तिकिटांवर छापली. थंडीपासून रक्षण व्हावे एवढ्याचसाठी शिवलेल्या वस्तू भिंतीवर चित्रांच्या मानाने टांगल्या गेल्या.

इकडे मात्र गोधडीला अडचण आली ती कापडाचीच. नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत लागला, १९४१ साली इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचा धागा तयार झाला, आणि काही दशकांत त्यांच्या साड्या आपल्याकडे घरोघर आल्या. या साड्या लवकर फाटत नाहीत, त्यांना इस्त्री फारशी लागत नाही; म्हणून बायकांनी त्या आनंदाने स्वीकारल्या, यात नवल नाही. पण त्या जुन्या झाल्या तरी मऊ पडत नाहीत, घाम शोषीत नाहीत, आणि एकावर एक ठेवल्या तर सुईखाली घसरतात. पाच थर त्यांचे केले, तरी सुती लुगड्यांच्या गोधडीचे सुख त्यांत येत नाही. दुसरी अडचण जागेची. सात फुटांचे कापड पसरून चौघींना बसता येईल असे अंगण इमारतीतील घराला नसते. तिसरी वेळेची, दुपार रिकामी असणारी बाई आता कारखान्यात किंवा कचेरीत असते.

तरीही हे काम नाहीसे झालेले नाही. उन्हाळ्यात शहरांतून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका हिंडतात. घरच्यांनी जुनी कापडे दिली की त्या जिन्याखाली किंवा झाडाच्या सावलीत बसून मजुरीवर गोधडी शिवून देतात. कोणी यंत्रावर शिवते. यंत्राची शिवण वरच्या आणि खालच्या अशा दोन धाग्यांची घट्ट गुंफण असते; ती झटपट होते, पण गोधडी थोडी ताठ राहते. हाताच्या धावदोऱ्यात एकच धागा सैलपणे खेळत असल्यामुळे कापड सहज दुमडते. तान्ह्या मुलाचे दुपटे म्हणूनच अजूनही पुष्कळ घरांत हातानेच शिवतात. कामानिमित्त हिंजवडीस येऊन राहिलेल्या दूरदूरच्या कुटुंबांतही नातवासाठी गावाहून आजीने शिवून पाठविलेले असे एखादे दुपटे सापडते. त्यावर आजीचे नाव लिहिलेले नसते, पण तिच्या साडीचा काठ घरातील मोठी माणसे ओळखतात.

वापरून वापरून गोधडीही झिजते. वरचे लुगडे विरते, आतले तुकडे डोकावू लागतात. तेव्हा तिला टाकून देत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंना नवी, म्हणजे पुन्हा कोणाची तरी जुनी, लुगडी घालून ती पुन्हा शिवतात, आणि पहिली गोधडी दुसरीच्या पोटात जाते. असे तीन-चार वेळा झालेली गोधडी हाताला लगेच कळते. ती जड असते. तिची एखादी कड उसवून पाहिली, तर आजीच्या हिरव्या काठाखाली पणजीच्या लुगड्याचा विटलेला तांबडा रंग दिसतो, आणि त्याच्याही खाली कोणा आजोबांच्या धोतराचा पांढरा पदर असतो.