पाहिलेले आणि ऐकलेले

तुर्की भाषेत काळ, पुरुष, नकार हे सारे धातूपुढे एकामागून एक लागणाऱ्या प्रत्ययांनी व्यक्त होते. 'गेल्' म्हणजे 'ये' हा धातू. 'गेल्दी' म्हणजे तो आला. आणि 'गेल्मिश' म्हणजेही तो आलाच! मग दोन प्रत्यय कशाला?

श्रोतेहो, 'दी' म्हणणारा त्या घटनेची ग्वाही देतो. 'मिश' म्हणणारा सुचवतो की, हे मी ऐकले किंवा खुणांवरून ताडले. दारातले जोडे पाहून म्हणायचे, ते 'गेल्मिश'. महमूद काश्गरी या कोशकाराने हा भेद ११ व्या शतकातच नोंदवला आहे. इतिहासकार मात्र न पाहिलेल्या घटनाही 'दी'ने सांगू शकतो. कारण पुराव्यानिशी तो त्यांची हमी घेतो.

मराठीत असेच काम 'म्हणे' हा शब्द करतो. पण आपला 'म्हणे' ऐच्छिक. तो गाळला तरी वाक्य शुद्धच राहते, आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची होऊन गावभर फिरते. तुर्काला साधा भूतकाळ सांगताना दोहोंतून एक प्रत्यय निवडावाच लागतो. खोटे त्यालाही बोलता येते. पण ते प्रत्ययासकट बोलावे लागते.