टर्कीवरची गोळी (लेखांक ६)

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की वाटेत नेरे लागतं. जुन्या माणसांना हे गाव कुष्ठरोग निवारण समितीच्या ‘शांतिवन’मुळे ठाऊक आहे. कुष्ठरोगाला एकेकाळी लोक शाप म्हणायचे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र देण्याची शिफारस केली आणि तो गोळ्यांनी हमखास बरा होऊ लागला. व्यसनी मुलाला डॉक्टरकडे आणणाऱ्या आईबापांना तेच हवं असतं. “गांजा सुटायची गोळी द्या.” तशी गोळी आजही नाही. जी आहेत ती औषधं दुसऱ्या कामाची, आणि ती उसनी आणून वापरावी लागतात.

समजा, नेऱ्याकडचा एक पंचविशीतला मुलगा आहे. तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, पाच-सहा वर्षं रोज तीन-चार चिलमी ओढतो. सोमवारी त्यानं चिलीम आणि साफी दोन्ही गाढी नदीत फेकली. मंगळवार बरा गेला. बुधवारी ताटावरून उठला, भावावर खेकसला. रात्री गादी घामानं भिजली, झोपेचा पत्ता नाही. शुक्रवारी आई म्हणाली, “ओढत होता तेव्हा बरा होता.” या आईचं चुकत नाही. तिला दिसतं तेच ती बोलते. पण या वाक्यावर किती मुलांनी पुन्हा चिलीम पेटवली असेल!

नशा थांबल्यावरच्या या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. पुण्यात १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू झालं ते गर्दच्या लाटेत. त्यामुळे टर्की म्हटलं की आपल्यापुढे गर्दुल्ला येतो, उलट्या करणारा, हाडं मोडल्यासारखा तळमळणारा. त्याच्यापुढे गांजाची टर्की म्हणजे घरातली धुसफूस. ती असते हेच डॉक्टरांनी बराच काळ धड मानलं नव्हतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तिला २०१३ साली जागा मिळाली. १९९४ च्या आवृत्तीत ती नव्हती.

आपला मेंदू गांजासारखंच काम करणारं एक रसायन स्वतः बनवतो. १९९२ मध्ये ते सापडलं, तेव्हा शोधणाऱ्यांनी संस्कृत ‘आनंद’वरून त्याला आनंदमाइड असं नाव दिलं. हे रसायन ज्या कुलपांत बसतं, त्यातच गांजातलं टीएचसी जाऊन बसतं. रोज बाहेरून किल्ल्यांचा मारा झाला की मेंदू कुलपंच काढून ठेवतो. मग गांजा थांबला की घरचा आनंद पुरत नाही. कुलपं परत बसायला दोनेक दिवसांत सुरुवात होते आणि साधारण चार आठवड्यांत ती बरीचशी पूर्ववत होतात. त्रासाचा जोर पहिल्या आठवड्यात असतो आणि बहुतेकांचा तो दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. झोप मात्र महिनाभरही रुसलेली राहू शकते.

आता औषधं. नैराश्यावरची नेहमीची औषधं यासाठी वापरून पाहिली, फारसा फायदा दिसला नाही. सिगारेट सोडवायला मदत करणाऱ्या बुप्रोपिऑननं एका छोट्या अभ्यासात चिडचिड उलट वाढवली. मिर्टाझापीननं झोप आणि भूक सुधारली, पण माणसं पुन्हा ओढायची राहिली नाहीत. गॅबापेंटिनचा २०१२ चा अभ्यास आशादायक होता, पण माणसं फक्त ५०. गांजातलंच द्रव्य मोजून, तोंडावाटे देण्याचा मार्गही तपासला गेला. २०११ मध्ये अमेरिकेत १५६ जणांवर असा प्रयोग झाला. ज्यांना ते द्रव्य दिलं, त्यांची टर्की सौम्य झाली, उपचारात ते जास्त टिकले, मात्र गांजा सुटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

हा निकाल मला फार बोलका वाटतो. टर्की शमवणं एक, व्यसन सुटणं दुसरं. आपल्या मुलाला डॉक्टर झोपेसाठी, बेचैनीसाठी मोजक्या दिवसांचं औषध देतील, ते त्या दोन-तीन आठवड्यांचा पूल म्हणून. अल्प्राझोलमसारखी गोळी मात्र मेडिकलवाल्याच्या ओळखीनं आणू नये. तिची स्वतःची सवय लागते, आणि ती सुटताना येणारी टर्की गांजाहून भारी असते. चहात गुपचूप मिसळायच्या ‘व्यसनमुक्ती पावडरी’बद्दल काय बोलावं? पुडीत काय आहे हे ना आईला माहीत, ना मुलाला.

मुलगा दारूही पीत असेल, तर दोन्ही एकदम घरी बंद करू नका. दारू अचानक तुटली की फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. कानात आवाज येतात, कुणी पाठलाग करतंय असं वाटतं, जगणं नको होतं, अशी वाक्यं आली तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्री-अपरात्री टेलीमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत.

आणखी एक, कारण याला मुलं घाबरतात. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो. तो सुटला की ती उसळून येते. स्वप्नात आपण चिलीम ओढतोय असं दिसतं, मुलगा दचकून उठतो आणि त्याला वाटतं, मोडला आपला नेम. मोडलेला नसतो. पहाटेचे चार वाजलेले असतात, तोंडाला तंबाखूची चव येत असते, आणि चिलमीत गांजासोबत रोज ती तंबाखूही होती, हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. तिची टर्की वेगळी. पुढच्या आठवड्यात तीच.